रिकाम्या तांब्याचा धनी

चिंचणपूरच्या राजवाड्यात त्या दिवशी दूधच दूध झालं. चूक राजाची होती, त्यामुळे ती अर्थातच आचाऱ्याच्या गळ्यात पडली.

राजा अजितमल्लाचा मेहुणा दोनशे माणसं घेऊन जेवायला येणार होता. बासुंदीसाठी राजाने हुकूम सोडला, की गावातलं सकाळचं सगळं दूध वाड्यावर आलं पाहिजे. आलंही. लोकांनी आपापल्या घरचे हंडे आणून ठेवले, चाळीस भरले. तेवढ्यात सांगावा आला, की मेहुण्याची दाढ दुखते आहे, तो येत नाही. त्याची दाढ नेमकी इकडे यायला निघायच्या वेळीच दुखते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त राजाला.

सखोबा आचाऱ्याने भीतभीत विचारलं, की निदान दूध आटवून खवा तरी करू का? राजा खवळलाच. पाहुण्यांशिवाय चूल पेटली तर मेहुण्याने आपल्याला टांग दिल्याची बातमी फुटेल, असं त्याला वाटलं.

"आटवायचं नाही," तो म्हणाला. "विकायचं नाही, मी काय गवळी आहे? फुकट कुणाला द्यायचं नाही, प्रजा शेफारते. आणि थेंबभर जरी नासलं किंवा सांडलं तर याद राख. दिवस मावळायच्या आत हंडे रिकामे झाले नाहीत, तर तुझं मुंडण करून गाढवावरून धिंड काढीन."

गाढव ताबडतोब आणून दारात बांधलं गेलं. वाड्यातली बाकीची कामं एवढ्या चपळाईने होत नसत.

सखोबाने तीस वर्षं त्या चुलीपुढे काढली होती. आता म्हातारपणी गावासमोर गाढवावर बसायचं, या विचाराने तो हंड्याला टेकून ढसाढसा रडू लागला. त्याची मुलगी येसू वाड्यातली भांडी घासायची. बापाला असं पाहूनही तिचं तोंड काही गप्प बसेना.

"आबा, रडायचंच असेल तर जरा लांब बसून रडा," ती म्हणाली. "दुधात पाणी पडलं तर तोही गुन्हा तुमच्याच माथी मारतील."

मग तिने वाड्यातली झाडून सगळी भांडी काढली. तांबे, पातेली, कासंड्या, राणीसाहेबांची चांदीची लोटीसुद्धा. भरभरून ती गड्यांच्या हाती घरोघर पाठवली. ज्या घरात जेवढं खपेल तेवढंच. तान्ह्या पोराच्या आईला तांब्याभर, लग्नघरी खिरीला चार पातेली, विरजण लावणाऱ्या म्हाताऱ्यांना कासंडीभर. तालमीतल्या पहिलवानांनी तर आपलं पातेलं दारातच रिचवलं. वर महालातही एक तांब्या गेला. निरोप सगळीकडे एकच: वाड्यातून दूध आलंय, भांडं तेवढं आठवणीने परत पाठवा.

दिवस मावळता मावळता राजा दरबाऱ्यांसकट मुदपाकखान्यात उतरला. चाळीस हंडे घासूनपुसून पालथे घातलेले होते. वाया गेलेलं दूध शोधायला राजाने मोरीसुद्धा हुंगून पाहिली. तिथे काही सापडेना.

"म्हणजे फुकट वाटलंस तर," तो म्हणाला.

येसूने मागच्या ओट्याकडे बोट दाखवलं. तिथे वाड्यातली भांडी ओळीने मांडली होती. कशात पेरू, कशात बाजरीचं पीठ, कशात ओल्या शेंगा, कशात लग्नघरचे लाडू. पहिलवानांनी बदाम पाठवले होते. एका गरीब म्हातारीकडून परत आलेल्या वाटीत साखरेची चिमूट होती.

"म्हणजे विकलंस!"

"मी कुणाकडे काही मागितलंच नाही, महाराज. पण दुसऱ्या घरून आलेलं भांडं आपल्याकडे कुणी रिकामं परत धाडत नाही. मला बोलता यायच्या आधीच माझ्या आईने हे शिकवलं."

राजाला हे माहीत असायचं कारणच नव्हतं. त्याच्याकडे भांडी येत, परत जायची वेळ क्वचितच येई. तो चिडून ओळीतून फिरू लागला, एकेका भांड्यात डोकावू लागला, आणि एकदम थांबला. शेवटच्या तांब्याच्या तळाशी काही म्हणजे काही नव्हतं.

"सापडलं!" राजा ओरडला. "हे दूध फुकट गेलं!"

सखोबाने डोळे मिटून घेतले. येसूने मान खाली घातली आणि कबूल केलं, की हो, हा एवढा एक तांब्या तसाच रिकामा परत आला. आपण बापाला घेऊन गाढवाकडे निघतोच, पण गावातल्या भिकाऱ्यानेही जे केलं नाही ते करणाऱ्याला महाराज तसंच सोडणार का, एवढंच तिने विचारलं.

"छे! सखोबा राहू दे बाजूला," राजा तावातावाने म्हणाला. "ज्या फुकट्याने हे दूध ढोसलं, त्यालाच मी आधी गाढवावर बसवणार. कोण आहे तो?"

"दुपारी वर महालात हा तांब्या गेला होता, महाराज. केशर घालून."

दरबारी छताकडे पाहू लागले. राजाच्या मिशीला अजून साय लागलेली होती.

"पण ते तर माझंच दूध!" राजा कसाबसा म्हणाला.

"सकाळी तर ते गावाचं होतं," येसू म्हणाली.

राजाने दारातल्या गाढवाकडे पाहिलं. गाढवानेही त्याच्याकडे पाहिलं. आणि राजाला असं हसू फुटलं, की त्याला ओट्याचा आधार घ्यावा लागला. हसत हसतच त्याने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढला, तांब्यात टाकला आणि तो तांब्या येसूच्या हातात दिला.

"घे. आता तरी झाला ना भरून?"

"झाला, महाराज," येसू म्हणाली. मग तिने पालथ्या हंड्यांकडे नजर टाकली. "पण हे चाळीस हंडे गावाचे आहेत. सकाळी लोकांनी भरून आणले होते. ते रिकामेच परत पाठवू?"

राजाने कपाळावर हात मारला, आणि पुन्हा हसत सुटला. कोठार उघडायला लावून त्याने गूळ काढला, चाळीसही हंडे भरेपर्यंत. ते घरोघर पोचवायला गाढव दारात तयारच होतं.