पडद्यावरची कासारीण

फार फार वर्षांमागची गोष्ट आहे. एका राज्यात बयजा नावाची कासारीण होती. आगीत तिचा सगळा माल गेला, तेव्हा तिने सावकाराकडून कर्ज काढलं. दर अमावास्येला ती थोडं थोडं फेडत होती.

एके दिवशी बाजारात एक पडदेवाला आला. काळ्या राहुटीत त्याने पांढरा पडदा ताणला, मागे दिवा लावला आणि चामड्याच्या बाहुल्या नाचवू लागला. पडद्यावर खुद्द राजाची सावली उभी राहिली. तोच मुकुट, तोच घोगरा आवाज!

"प्रजाजनहो, तुमची कर्जं माफ! पडदेवाल्याकडे चांदीचा एक दागिना द्या. सावकाराला कवडी देऊ नका, त्याच्याशी बोलूही नका. मात्र दिवस मावळायच्या आत या!"

मग एका कुंभारणीची सावली आली. "माझं कर्ज एका रात्रीत फिटलं गं बायांनो!" म्हणत ती आनंदाने रडली.

"दादा, मग दवंडी कशी नाही पिटली?" बयजाने भीत भीत विचारलं.

"दवंडीला वेळ लागतो, ताई. तुम्ही नशिबाच्या, म्हणून तुम्हाला आधी कळलं." पडदेवाला गोड हसला.

बयजाने आपलं नाव सांगून आईच्या आठवणीचे चांदीचे गोठ काढून दिले.

त्यानंतर ती सावकाराच्या दारावरून मान ताठ करून जाऊ लागली. दोन अमावास्या उलटल्या आणि सावकाराची माणसं तिचा विकायला ठेवलेला बांगड्यांचा माल उचलून घेऊन गेली.

"राजाने कुणाचंही कर्ज माफ केलेलं नाही," सावकार म्हणाला. "अडचण होती तर येऊन सांगायचंस. मुदत दिली असती मी."

बयजा पडदेवाल्याला शोधत पुढच्या गावच्या बाजारात पोचली. राहुटी माणसांनी खच्चून भरली होती. राजाची सावली बोलून गेली. मग पडद्यावर आली डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई.

"मी कासारीण बयजा! माझं कर्ज एका रात्रीत फिटलं!"

बयजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी आपल्याला नागवलं, आणि आता आपल्याच नावाने दुसऱ्यांना नागवायचं! ती रडणारी कुंभारीणही अशीच लुटलेली असणार, हे तिला त्या क्षणी कळलं. तिने पुढे होऊन पडदा टराटरा फाडला.

"बघा, मी बयजा! माझं काही फिटलं नाही, होतं तेही गेलं! सोडवणारा आधी दागिना मागतो होय? आणि सावकाराशी बोलू नका म्हणतो, ते का? याची थाप उघडी पडेल म्हणून! मेल्या, गरिबाच्या घाबरलेल्या जिवावर दुकान थाटतोस?"

लोकांनी पडदेवाल्याला धरून कोतवालाच्या हवाली केलं. राजाने त्याला कोठडीत टाकलं आणि कर्जमाफीची ही थाप खोटी आहे, अशी गावोगाव दवंडी पिटवली. बयजाचे गोठ मात्र केव्हाच वितळवून विकले गेले होते. ते काही परत आले नाहीत. ती सावकाराकडे गेली, मुदत मागून घेतली आणि दारोदार बांगड्या भरत हिंडून पुन्हा पहिल्यापासून कर्ज फेडू लागली.

तात्पर्य: कर्जातून सोडवतो म्हणत जो आधी पैसे मागतो आणि विचार करायला उसंत देत नाही, तो तारणारा नव्हे, लुटणारा असतो.