लंगड्या पायाची धास्ती

जनावरं माणसांसारखी कबड्डी खेळत, त्या काळची गोष्ट. हरेल त्या संघानं उन्हाळाभर तळ्याच्या चिखलाच्या काठानं पाणी प्यायचं, असं ठरलं होतं. सामन्याआधी बातमी आली की, चढाईत कुणाला न सापडणाऱ्या पलीकडच्या रानातल्या हरणाचा पाय मुरगळलाय.

अलीकडच्या संघाचा कप्तान दगडू अस्वल. हरीण उतरलंच तर लंगडत कसं येईल, हे तो स्वतः लंगडून गड्यांना दाखवू लागला. सगळ्यांनी त्या एका पायाची पकड घोटून घोटून पक्की केली.

सामन्याला हरीण पायाला पाला बांधून रेषेबाहेर बसलं.

"सोंग आहे," दगडू कुजबुजला. "नजर हलवू नका."

हरणानं पाय जरा लांब केला की इकडे सगळे दबा धरत. तेवढ्यात कासव कबड्डी, कबड्डी म्हणत आत आलं. त्याचा दम दांडगा. एकेकाला सावकाश शिवून, लोण चढवून ते परत गेलं.

चिखल तुडवताना माकडानं विचारलं, "दगडूदादा, कासव शिवलं तेव्हा तू काय करत होतास?"

"हरणाच्या पायाची काळजी," दगडू म्हणाला. "त्याच्या आईनंसुद्धा एवढी केली नसेल."