दोराचे वेढे

"घोडी खुनी आहे, हे तुम्ही मान्य का करत नाही?" जयसिंग ओरडला.

"ओरडू नकोस. तिला कान आहेत," भिवराक्का म्हणाली.

नदीकाठच्या खडकाळ आवारात ती सुपात हरभरा निवडत बसली होती. साठ-सत्तरची असेल. घोडी शिकवायची. माणसंही शिकवायची, पण त्यात तिला रस कमी.

समोर काजळी उभी होती. पाठीवर खोगीर, अंग ताठ. म्होरकीचा दोर जयसिंगच्या हातात.

दिवाळीआधी या घोडीनं त्याच्या थोरल्या भावाला, हिंदूरावला, माळावरून फरफटत नेलं. हिंदूराव गेला. तेव्हापासून तिला घरच्या दारात कोणी उभं करेना, म्हणून ती आक्काकडे होती. आता वडिलांनी निरोप धाडला होता. आज दिवस मावळायच्या आत जयसिंगनं तिच्यावर बसून घरी यावं, नाहीतर आपण बंदूक घेऊन येतो.

हिंदूरावनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. जयसिंगला ती मरायला नको होती.

पण सकाळपासून तो रिकिबीत पाय घालत होता आणि काजळी बाजूला सरकत होती.

"दादाला मारलं, आता मला मारायला बघतेय."

"ती काही बघत नाही. तू घाबरलायस, ते तिला कळतंय."

"मी? अख्ख्या तालुक्यात विचारा, जयसिंग कोण ते."

"तालुक्याला विचारून बस मग तिच्यावर."

तो चिडला. दोर हिसडला. घोडीनं मान वर टाकली.

"आक्का, मी मन तयार करून आलोय. रोज पहाटे डोळे मिटून बसतो. मनातल्या मनात हिच्यावर चढतो, माळ ओलांडतो, नदीत उतरतो. एकदाही पडलो नाही."

"मनातली घोडी तुझीच ना? ती कशाला पाडेल?"

"थट्टा करू नका. भीती होती, गेली. श्वास बघा माझा. छाती बघा. हात तरी कापतोय का?"

"हात बघू."

त्यानं उजवा हात पुढे केला. दगडासारखा स्थिर.

"तो नाही. दुसरा."

जयसिंगनं डावा हात वर केला आणि स्वतःच बघत राहिला.

मुठीभोवती दोराचे वेढे बसले होते, एकावर एक. बोटांची टोकं पांढरी पडली होती.

"हे... मी कधी गुंडाळलं?"

"तुझ्या हाताला माहीत."

"सुटू नये म्हणून. तुम्हीच सांगितलं होतंत, दोर सोडायचा नाही."

"मुठीत धर म्हणाले होते. हाताला बांध म्हणाले नव्हते."

त्यानं मान ताठ केली. "दादा कधी घाबरला नाही. वाघ होता तो."

भिवराक्कानं सूप खाली ठेवलं.

"तुझ्या वाघाला माळावरून मी उचललं. तुम्ही सगळे यायच्या आधी. मनगटावरचा दोर सोडवता येईना, विळ्यानं कापावा लागला. मांसात रुतला होता."

जयसिंगनं आपल्या मुठीकडे पाहिलं.

"ट्रॅक्टर फटफटला, घोडी बुजली, पळाली. बुजली की पळायचं, एवढंच तिला येतं. हात मोकळा असता तर ती एकटीच पळाली असती."

"हे बाबांना सांगितलंत?"

"त्याच दिवशी. ते म्हणाले, घोडीनं मारलं. तरणा मुलगा गेल्यावर बापाला कोणावर तरी गोळी झाडावी लागते."

जयसिंग वळला. ऊन उतरलं होतं. नदीपलीकडे घरच्या वाटेवर धूळ उठत होती. गुरं असतील. वडीलही असतील.

जयसिंग पुन्हा काजळीकडे वळला. त्याचा हात आता कापत होता, आणि तो लपवत नव्हता.

"भीती वाटतेय, आक्का."

"बरं झालं. आता दोघं एकाच आवारात आहात. मघापासून ती एकटीच होती."

"हिच्या डोळ्यात बघितलं की दादा दिसतो. फरफटत जाणारा."

"दिसणारच."

"मग बसू कसा?"

आक्कानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

जयसिंगनं एक वेढा सोडला. बोटांत रक्त उतरलं, तसा तो कण्हला.

काजळीचे कान हलले.

त्यानं आणखी एक सोडला. घोडीनं लांब श्वास टाकला, मान खाली आणली आणि मागचा एक पाय सैल केला. सकाळपासून पहिल्यांदा.

शेवटचा वेढा मनगटावर राहिला. तो मात्र त्याच्यानं सुटेना. उजव्या हातानं त्यानं तो नुसता धरून ठेवला.

"ही गेली तर दादाचं काही उरत नाही," तो म्हणाला. "बाबांना तोंड काय दाखवू? दादाही गेला, घोडीही घालवली..."

भिवराक्कानं हरभऱ्यातला खडा उचलला, आवाराबाहेर फेकला.

"सांगा ना, आक्का. हा सोडला आणि ती खरंच निघून गेली तर?"

"तर तू तरी घरी जाशील."