गोड कोनफळाचं बेट

फार पूर्वी, भर समुद्रातल्या एका बेटावर साळिंदरं राहायची. कंद उकरून खायचा, पण त्याचं डोकं पुन्हा मातीत पुरायचं, ही त्यांची रीत. त्या डोक्यालाच नवा कोंब फुटे.

एका वर्षी एक कोनफळ इतकं गोड निघालं की सगळी त्याच्याच मागे लागली. दरवर्षी त्याचीच डोकी पुरली. करांदे, सुरण, अळकुड्या उपटून समुद्रात फेकल्या.

साळूमावशी वैतागली. "अरे, अख्ख्या बेटावर एकच वेल झालाय! त्याला काही झालं तर खाल काय, माझे काटे?"

कुणी ऐकेना. शेवटी कपाळाला हात लावून ती एकटीच कड्याखाली कडू करांदे पुरत राहिली. "मावशीच्या जिभेला चवच नाही," म्हणून तरणी साळिंदरं हसायची.

मग कोनफळाला कूज लागली. एका वेलाला लागली, ती साऱ्या बेटाला लागली. पोटं खपाटीला गेलेली साळिंदरं मान खाली घालून कड्याखाली आली. मावशीने करांदे पुढे ढकलले. पहिल्याच घासाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली.

"शी! मावशी, यातला जरा कमी कडू कुठला गं? आता सगळीकडे त्याचीच डोकी लावू."

मावशीचे सगळे काटे एकदम उभे राहिले.