गोरख तारेवाला परदेशी जातो

पिंपळदरा म्हणून एक गाव आहे. त्या गावात एक भोळा तारेवाला होता. नाव गोरख. लांबच्या ताऱ्यांचं वय तो बसल्या जागी सांगायचा. घरात मीठ संपलंय हे मात्र त्याला सांगावं लागायचं. सांगितलेलं सगळं तो ऐकायचा, हीच पंचाईत होती.

त्याची बायको कांचन. मांडीवर ठमी, सहा महिन्यांची. ठमी शिंकली तरी कांचन तापाचं औषध शोधायला धावायची. गोरखची नोकरी कच्ची होती. त्यात परदेशची फेलोशिप निघाली. दोन वर्षं तिकडं राहायचं, बायकामुलांनाही नेता येतं. तरुण अभ्यासकानं हिंडलं पाहिजे, आपल्या देशात बसून आभाळ नीट कळत नाही, असं फेलोशिप देणाऱ्या लोकांचं म्हणणं होतं. आभाळ तिकडंही तेच आहे, हे कुणी त्यांना सांगितलं नाही. कांचनला एवढंच हवं होतं, की तिघांनी एका घरात राहावं. ठमीनं बापाला फोनवर ओळखायला नको.

मुलाखत कॉम्प्युटरवर होती. कांचनला तिच्या पाहण्याचा कार्यक्रम आठवला. पोहे हातात घेऊन गोरखनं तिच्या वडिलांना सूर्य कसा विझणार ते सांगितलं होतं, पोहे गार होईपर्यंत. म्हणून तिनं बजावलं, "अहो, विचारलं तेवढंच बोला. जास्त एक शब्द नको."

"बरं, लक्षात ठेवतो," गोरख म्हणाला.

पडद्यावर तीन साहेब आले. त्यांनी विचारलं, तुमच्या कामाविषयी सांगू शकाल का? गोरख म्हणाला, "हो." मग गप्प. साहेबही गप्प. त्यांनी विचारलं, आमच्याकडे येऊन काय करायचं हे ठरवलंय का? गोरख म्हणाला, "हो." मुलाखत संपली. दाराआड उभ्या कांचननं कपाळावर हात मारला. पण साहेबांची जेवायची वेळ झाली होती. इतका आटोपशीर उमेदवार त्यांनी आजवर पाहिला नव्हता. गोरखची निवड झाली.

कांचन म्हणाली, निभावलं तर निभावलं. पण पुन्हा असं करू नका. "नाही विचारलं तरी सगळं मोकळेपणानं सांगत जा."

"बरं, लक्षात ठेवतो."

मग गोरख व्हिसा काढायला गेला. खिडकीतल्या बाईंनी नाव विचारलं. गोरखनं नाव सांगितलं आणि मोकळेपणानं पुढंही सांगितलं. म्हणाला, "मी स्फोटांचं काम करतो. एक फार मोठा झालाय. तुमच्या साहेबांना अजून पत्ता नाही. तिकडं गेलो की पुढचे कुठं होणार तेही बघणार आहे."

बाईंनी खिडकी लावून घेतली. दोन शिपाई आले. त्यांनी त्याला आतल्या खोलीत नेऊन बसवलं. चपलासुद्धा तपासल्या. शेवटी त्याच्या संस्थेतले कुलकर्णी सर धावत आले. फुटला तो तारा आहे आणि तो फार लांब आहे, हे त्यांनी हात जोडून पटवलं. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "गोरख, परक्या माणसानं काहीही विचारलं तरी म्हणायचं, स्फोटबिट काही झाला नाही, सगळं शांत आहे."

"बरं, लक्षात ठेवतो, सर."

कांचनचे आणि ठमीचे कागद व्हायचे होते, म्हणून गोरख एकटाच परदेशी पोचला. तिथं त्याला काम काय मिळालं? पिंपळदऱ्याच्या माळावर दुर्बिणीची जी मोठी तबकडी आभाळाकडं तोंड करून उभी आहे, तिनं गोळा केलेली माहिती तपासायची. कांचन रोज त्या तबकडीखालून दूध आणायला जायची.

पहिल्याच महिन्यात त्याचं भाषण ठेवलं. विषय त्याचाच, फुटलेला तारा. सभागृह गच्च भरलं होतं. एका परक्या म्हाताऱ्यानं उठून विचारलं, हा स्फोट नेमका कसा झाला?

गोरख म्हणाला, "स्फोटबिट काही झाला नाही. सगळं शांत आहे."

सभेत गलका झाला. निम्मे म्हणाले, पोरगा वेडा आहे. निम्मे म्हणाले, पोरानं नवा सिद्धांत मांडला. त्याच्या वरच्या हेल्गाबाईंनी त्याला खोलीत बोलावलं. त्या कडक होत्या. म्हणाल्या, "आपल्या धंद्यात नुसतं दिसलं म्हणून 'आहे' म्हणायचं नाही, मनात आलं म्हणून 'नाही' म्हणायचं नाही. दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे पडताळल्याशिवाय दावा करायचा नाही."

"बरं, लक्षात ठेवतो, बाई."

इकडं कांचनचे कागद झाले. नाचणीचं सत्त्व, तापाचं औषध, ठमीची दुपटी असं बांधून ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली. वाटभर तिनं डोळा मिटला नाही. ठमीचे कान दुखतील, दूध नासेल, हे तिकडं भेटलेच नाहीत तर कुठं जायचं, सगळी काळजी तिनं करून घेतली. जी करायला हवी होती ती तेवढी राहिली.

तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं तिला अडवलं. नेहमीचीच चौकशी. काचेपलीकडं गोरख उभा होता. त्याला पाहून कांचनचा जीव भांड्यात पडला. अधिकाऱ्यानं गोरखला आत घेतलं. मदतीला एक नागपूरच्या दुभाषी बाई होत्या.

अधिकाऱ्यानं विचारलं, ही तुमची बायको का?

गोरखनं कांचनला खालून वर पाहिलं. "तशी दिसते खरी," तो म्हणाला. "पण नुसतं दिसण्यावरून दावा करता येणार नाही."

"अहो, मी कांचन," ती म्हणाली.

"अगं, तू सांगून काय उपयोग? स्वतंत्र माणूस लागतो."

अधिकाऱ्यानं विचारलं, आणि हे बाळ?

"मी निघालो तेव्हा हिला दात नव्हते. आता दोन आहेत. फरक मोठा आहे."

तेवढ्यात ठमीनं त्याच्याकडं हात पसरले आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाली, "बाबा."

कांचनच्या डोळ्यांत पाणी आलं. दुभाषी बाईंच्याही आलं. अधिकाऱ्यानं शिक्का उचलला.

गोरखनं त्याचा हात धरला. "थांबा, साहेब. हे एकच निरीक्षण झालं."

अधिकाऱ्यानं शिक्का खाली ठेवला. मग खात्रीनं कोण सांगेल, असं विचारलं. गोरखनं खूप विचार केला आणि सांगितलं, हिची आई सांगेल. ती पिंपळदऱ्याला असते.

परतीचं विमान तयारच होतं. पडताळणीसाठी कांचनला, ठमीला आणि नाचणीच्या सत्त्वाला त्यात बसवायला नेलं. दारातून वळताना कांचननं पाहिलं, गोरख मायेनं हात हलवत होता. दुभाषी बाई त्याला विचारत होत्या, "काहो भाऊ, खरं सांगा, घरच्याच ना तुमच्या?"

"अजून नक्की व्हायचंय, ताई," गोरख म्हणाला. "पण माझा अंदाज चांगला आहे."