म्हाकूचा चाकू

फार जुनी गोष्ट आहे, मंडळी. डोंगरापलीकडच्या एका मुलखात म्हाकू नावाचा मेंढपाळ राहत होता. त्याच्या कमरेला घडीचा चाकू असे. पात्याला धार उत्तम, पण पातं ज्या खिळ्यावर फिरे, तो खिळा वापरून वापरून सैल झाला होता.

एके दिवशी पाला कापताना पातं आपोआप मिटलं आणि म्हाकूचं बोट कापलं गेलं. त्याला राग आला. त्याने चाकू खडकावर ठेवला आणि खिळ्यावर दगडाचे सणसणीत घाव घातले.

"आता हलून दाखव," तो म्हणाला.

आठ दिवसांनी कळप नदी उतरत होता. एका मेंढीच्या गळ्यातली दोरी पाण्यात अडकलेल्या झाडाला गुंडाळली गेली. म्हाकूने चाकू काढला, पण पातं उघडेना. त्याची नखं तुटली. शेवटी त्याच्या बायकोने, ठकूने, धारदार दगडाने दोरी घासून तोडली. मेंढी वाचली. तिच्यामागे आलेलं कोकरू मात्र वाहून गेलं.

दुसऱ्या दिवशी म्हाकू राही लोहारणीकडे गेला. "हा चाकू खोटा आहे. नवा दे."

राहीने चाकू निरखला. "चाकू चांगला आहे. खिळ्याला कोणी मारलं?"

म्हाकूने मान खाली घातली. "मीच."

राहीने खिळा ठोकून बाहेर काढला. आत वाळू होती, लोकरीचे धागे होते. तिने ते पुसले, तेलाचा थेंब सोडला, नवा खिळा बसवला आणि हातोडी म्हाकूच्या हातात दिली.

"किती ठोके मारू?"

"ते मला काय ठाऊक? एक हलका ठोका मार, पातं उघडून बघ. डुगडुगलं तर आणखी एक. अडलं की फार झालं."

म्हाकूला ठोके मारायला थोडा वेळ लागला, पण उघडून बघायला त्याहून जास्त. अखेर पातं अंगठ्याने सहज उघडू लागलं, आणि उघडल्यावर जागचं हललं नाही. तेव्हापासून दर पंधरवड्याला तो खिळ्यातली घाण काढी, तेल घाली आणि सैल वाटला तर हलकासा ठोका देई.

पुढे एकदा घाटात एका गाडीवानाचा बैल कड्यावरून घसरला आणि मानेच्या पट्ट्याने जुवाला लोंबकळू लागला. त्याचे डोळे पांढरे झाले. म्हाकू एका हाताने झाडाचं मूळ धरून खाली उतरला. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्याने चाकू उघडला आणि पट्टा कापला. बैल खालच्या गवताळ उतारावर पडला, जरा वेळ धापा टाकत राहिला, मग उठून उभा राहिला.

गाडीवान रडत होता. "असा चाकू कुठे मिळतो, दादा?"

"राहीबाईकडे," म्हाकू म्हणाला. "पण खिळा आपला आपण सांभाळावा लागतो."

रागाच्या घावाने जे अडतं, ते धीराच्या हलक्या ठोक्याने चालू लागतं.