शंभर फडकी आणि एक घंगाळ

किल्ल्यावरचा पांढराशुभ्र झेंडा आठवड्याच्या आत काळा पडला आणि चंपानगरच्या चक्रधर राजाने गोदा परटिणीला थेट दरबारात उभं केलं.

"काय गं, साबण वाचवतेस की हात?"

"महाराज, धुऊन दिला तेव्हा बगळ्यासारखा होता. तुमच्या शहराच्या धुराने त्याचा कावळा केला!"

बोलून गेली आणि मग गोदाने जीभ चावली. पाठीशी बांधलेली तान्ही बकुळा खोकली. महिनाभर पोर अशीच खोकत होती. मध चाटवून झाला, ओव्याचा शेक झाला, दृष्टसुद्धा काढून झाली.

"धुराने?" राजा गरजला. "कुणाच्या? मला तो एक गुन्हेगार हवा! घाटावर बसून, सगळ्यांदेखत, स्वतःच्या हातांनी झेंडा धुवायचा, हीच त्याची शिक्षा. चार दिवसांत तो सापडला नाही, तर तू घाट सोडून चालती हो!"

गोदा दारोदार फिरली. दिवाणसाहेबांच्या अंगणात ओला पाचोळा धुमसत होता. "एवढासा तर ढीग! धूर त्या समोरच्यांचा," दिवाणसाहेब म्हणाले. समोरच्या काकूंचा बंब ओल्या लाकडांवर खदखदत होता. "इश्श! एका बंबाने काय होतंय? त्या सराफांना विचार जा." सराफ घोडागाडीत एकटेच बसून पन्नास पावलांवरच्या देवळात निघाले होते. मागे हा धुळीचा लोट! "मी? मी तर देवाला चाललोय, बाई!"

घरी येऊन गोदाने कपाळावर हात मारला. चारचौघांत तोंड उघडायची हौस फार, आता भोगा! आणि समोर पाहते तर काय, कपडे उकळायची तिची स्वतःचीच भट्टी भकाभका धूर ओकत होती.

"आणि तू गं?" ती स्वतःलाच म्हणाली.

भट्टीशेजारी धुवायची गाठोडी पडली होती. प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात बिब्ब्याने काढलेली खूण. कोणतं धोतर कुणाचं, ते परटाला त्या खुणेवरून कळतं. कितीही धुवा, खूण जात नाही. गोदा खुणांकडे बघत राहिली आणि हळूच हसली.

दुसऱ्या दिवशी तिने शंभर घरांच्या खुणांची शंभर फडकी ओली केली आणि ज्याची त्याच्या धुरा-धुळीवर टांगली. कुणाच्या बंबावर, कुणाच्या पाचोळ्याजवळ, कुणाच्या गाडीमागे.

चौथ्या दिवशी दरबारात त्या सगळ्या घरांची माणसं उभी होती आणि मध्ये घंगाळभर नितळ पाणी.

"ही शंभर फडकी, ज्याच्या त्याच्या धुरा-धुळीत टांगलेली. पहिलं माझंच, महाराज." गोदाने ते बुचकळून पिळलं. "पाणी आधीपेक्षा काळं झालं?"

राजा वाकून बघू लागला. "छे! होतं तसंच आहे. तू निर्दोष!"

"हे दिवाणसाहेबांचं. आधीपेक्षा काळं झालं?"

"नाही. निर्दोष!"

"हे काकूंचं."

"निर्दोष!"

"हे सराफांचं."

"निर्दोष! पुढे!"

विसाव्या फडक्यापासून राजाने वाकायचंही सोडलं. नुसता हात हलवायचा, "निर्दोष! पुढे!" लोक एकमेकांना टाळ्या देत होते. नव्व्याण्णवावं फडकं झालं आणि राजाची नजर घंगाळात गेली.

"अरे! हे पाणी काजळासारखं कसं झालं?"

"तेच मी विचारतेय, महाराज! नव्व्याण्णव जणांना तुम्ही आपल्या तोंडाने सोडलंत. मग काळं केलं कुणी? जरा निवडून द्या बघू. ही ओंजळ दिवाणसाहेबांची, ही काकूंची, ही माझी. तेवढं झालं की तुमचा एक गुन्हेगार मी आत्ता बांधून देते!"

टाळ्या थांबल्या. दिवाणसाहेब एकदम आपल्या जोड्यांकडे बघू लागले.

राजाने मिशी कुरवाळली. "फडकी शंभर म्हणालीस. शंभरावं कुठंय?"

गोदाने पदराखालचं फडकं चाचपलं. हे दाखवलं तर घाट गेलाच म्हणून समजा. पाठीवर बकुळा पुन्हा खोकली आणि गोदाने झटकन रेशमी फडकं बाहेर काढलं. "हे सारथ्याला सांगून सोळा घोड्यांच्या रथामागे बांधलं होतं. मालक रोज सकाळी एकटेच जातात, ताजी हवा खायला." तिने ते पिळलं. शाईच शाई!

"खूण कुणाची?"

"आपणच बघावी."

राजाने कोपरा उलगडला. त्यावर सूर्य होता. राजघराण्याचा सूर्य!

गोदाने डोळे मिटले. आणि राजा असा खदखदून हसला की मुकुट सावरायला प्रधानजींना धावावं लागलं!

"म्हणजे झेंडा मी धुवायचा?"

"एकट्याने कशाला, महाराज? शंभर जण आहोत की! साबण माझा."

"घाट कायमचा तुझा! आणखी काय हवं ते माग!"

"तुमचा रथ."

"मिरवणार वाटतं?"

"नाही, महाराज. सोळा घोडे एका माणसाला ओढतात, जिवावर येतं बघायला. देवळाला, बाजाराला, घाटाला जाणाऱ्यांना रोज त्यात बसवा. तेवढ्या गाड्या घरीच राहतील."

"आणि मी कशातून जायचं?"

"तुम्हीही बसा की त्यातच! जरा सरकून घ्यायला सांगते मी सगळ्यांना!"

राजा पुन्हा हसत सुटला, आणि त्याच पावली चालत घाटावर गेला. मागोमाग सगळी मंडळी. राजाने बाह्या सरसावून झेंडा दगडावर आपटला, एकदा, दोनदा, आणि मोठ्या ऐटीत गोदाकडे पाहिलं.

"कोपरे राहिले, महाराज," गोदा म्हणाली.